सिंहशीर्षाची ऑर्डर

ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. खारघरच्या सोसायटीची ऑर्डर मिळाली, छान झालं. कोटेशनचं शेवटी सांगतो. आधी त्यांना विचारून घे, बागेत राजमुद्रा हवीय की सारनाथचं सिंहशीर्ष, म्हणजे अशोकाच्या स्तंभावरचं मूळ शिल्प? राजमुद्रा सरकारची, तिच्या वापरावर २००५चा कायदा आहे. खाली ‘सत्यमेव जयते’ लिहून गेटजवळ उभं केलंस, की कुणीतरी तक्रार करणार आणि सेक्रेटरी तुझ्याकडे बोट दाखवणार. मूळ शिल्पावर ती अक्षरं नाहीतच. ती मुंडकोपनिषदातली, मुद्रेत चित्राखाली घेतलेली. तेव्हा शिल्पच कर, आणि परवानगी लागते का हे सोसायटीने लेखी विचारू दे.

तुझं स्केच पाहिलं. नाण्यावरून काढलंयस ना? तिथेच घोळ आहे. नाण्यावर तीन सिंह, खाली मधोमध चक्र, एकीकडे बैल, दुसरीकडे घोडा, संपलं. बागेत लोक फिरून बघणार. मागे चौथा सिंह आहे, सिंहांच्या पायांखालच्या गोल पट्टीवर हत्ती आणि आणखी एक सिंह आहे. चारही प्राणी एकामागून एक चाललेत, मधे चोवीस आऱ्यांची चक्रं. घोडा चौखूर उधळलेला, बैल मात्र आपल्या चालीने. त्याचं वशिंड, गळ्याखालची पोळी नीट बघ. वरचे सिंह ठरावीक घडणीचे, आयाळीच्या बटा ओळीने बसवलेल्या. पण बैल घडवणाऱ्याने बैल रोज पाहिलेला आहे, हे माझं मत. मातीकामाचा बराचसा वेळ या पट्टीवर घाल. खालचं उलटं कमळ मुद्रेत नाही म्हणून गाळू नकोस, सगळं बसकं दिसेल.

सिंहांचे जबडे उघडे आहेत, तरी ते चवताळलेले नाहीत. चौकातल्या फ्लेक्सवरच्या वाघाचा आव नको!

मूळ शीर्ष जवळपास सात फुटी, चुनारच्या एकाच वालुकाश्मातलं. १९०४-०५मध्ये सारनाथला उत्खनन करणाऱ्या ऑर्टेलला ते सापडलं. बावीसशे वर्षांनंतरही त्यावर झिलई आहे. सोसायटीवाले सोनेरी स्प्रे मार म्हणतील. ऐकू नकोस. रंग साच्यात घालायच्या रेझिनमध्येच मिसळ आणि वॉटर पेपरने, म्हणजे ओल्या सँडपेपरने, घासत जा.

सारनाथ लांब पडेल. पण सोपाऱ्याला, म्हणजे २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडलेत. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मेगाब्लॉक नसलेला रविवार बघून जाऊन ये. ब्राह्मी वाचता आली नाही तरी चालेल, आपल्या काळ्या दगडात छिन्नी कशी चाललीय ते बघ.

आता पैसे. पट्टीचं काम कोटेशनमध्ये वेगळं लाव, नाहीतर ते फुकटात जातं. निम्मी रक्कम खात्यात आल्याशिवाय साचा काढू नकोस.

तुझे
सर