डेडलिफ्टच्या दिवशी पेज सोडू नका

प्रश्न : वय 34, वजन 62 किलो. तीन महिन्यांपासून पॉवरलिफ्टिंग शिकते. जिममधली मैत्रीण कार्ब सायकलिंग करते, म्हणजे काही दिवस कर्बोदकं जास्त, काही दिवस कमी; आठवड्यातले चार दिवस भात बंद. मीही करू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, चार दिवस भात बंद नको, निदान आत्ता तरी. मी सुरुवातीला हेच केलं होतं. सकाळी नुसती दोन अंडी खाऊन डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा जड बार उचलायला, उभी राहिले; तिसऱ्या सेटला बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. हात घामाने ओले, डोकं हलकं. जड सेटला स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, जाळतात आणि ते भरतं कर्बोदकांनी.

सायकलिंग करायचंच तर सौम्य करा. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) आणि डेडलिफ्टच्या दिवशी कर्बोदकं साधारण 250 ग्रॅम, सुट्टीच्या दिवशी 170 च्या आसपास. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब जमतो. व्यायामाआधी दोन तास उकड्या तांदळाची पेज आणि एक केळं. सुट्टीच्या दिवशी भात अर्धी वाटी करा, हुमणातले (माशाच्या कालवणातले) बांगडे मात्र कमी करू नका. प्रथिनं रोज 100 ग्रॅम लागतातच. पोदेराची (आपल्या गोव्यातल्या पाववाल्याची) पोळी मला स्वतःला फार प्रिय, ती जड दिवसासाठी राखून ठेवा.

पाळी चुकली किंवा लांबली, तर आहार लगेच वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी त्यांनाच विचारा.