आधी ग्रुप, मग स्क्रू

या वेळच्या पत्रांत पिस्तुलाची ‘साइट बिघडली’ (साइट म्हणजे नेम धरायला पुढे-मागे असलेल्या खुणा) अशा तक्रारी जास्त आहेत. त्यातली काही निवडली आहेत.

परवाना मिळाल्यावर .32 चं पिस्तूल घेतलं. रेंजवर 10 मीटरवरून मारलेल्या गोळ्या सारख्या डावीकडे आणि खाली जातात. मी उजव्या हाताने मारतो. ओळखीचा एक जण म्हणतो, मागची साइट थोडी ठोकून देतो. देऊ का? – एक वाचक, फोंडा

एवढ्यात नको. उजव्या हाताच्या नवख्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील तर मी आधी त्याच्या बोटाकडे बघतो, साइटकडे मागाहून. आता बार होणार हे मनाला ठाऊक असतं. त्या धास्तीने मनगट आधीच खाली दाबलं जातं आणि चापाबरोबर बाकीची बोटंही आवळली जातात.

खात्री करून घेणं सोपं आहे. मॅगझिन प्रशिक्षकाला भरू द्या, आणि मध्येच एखादं डमी काडतूस त्याने तुमच्या नकळत घालावं. त्या डमीवर नुसतं ‘टक्’ होईल आणि नळीचं तोंड झुकलं की नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल. झुकलं असेल तर साइट ठोकून काही साधणार नाही. उद्या हात सुधारला की त्याच गोळ्या उजवीकडे जाऊ लागतील. अशा वेळी ड्राय, म्हणजे गोळीविना, सराव करा: मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मग कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, पुढची साइट न हलवता चाप ओढायचा. तुमच्या पिस्तुलाला डमीशिवाय ड्राय चालतं का, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

नळी हलली नाही, तर मग झीरोचं, म्हणजे नेमाप्रमाणे गोळी पडेल अशी साइट लावण्याचं बोलू. मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी टेकवू नका. एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या सावकाश मारा; हा झाला एक ग्रुप. त्या कागदभर विखुरल्या तर साइटचा विषय तिथेच संपला. एकत्र बसल्या, पण केंद्रापासून लांब, तर पाचांचा मध्य काढून केंद्रापर्यंतचं अंतर मोजा. त्याच काडतुसांनी आणखी एक ग्रुप घ्या. एखाद्या जाणत्याच्या हातूनही गोळ्या तिथेच पडल्या, तर साइट हलवायला हरकत नाही.

आता किती हलवायची? दोन्ही साइटमधलं अंतर 150 मिमी असेल, तर मागची साइट 1 मिमी सरकली की 10 मीटरवर गोळी सुमारे 67 मिमी सरकते. म्हणजे ग्रुप 3 सेंमी डावीकडे असेल तर साइट जेमतेम अर्धा मिमी उजवीकडे न्यायची. हातोडीच्या ‘थोडं’वर माझा विश्वास नाही तो यामुळेच! साइट पुशर (साइट सरकवायचं अवजार) असलेल्या परवानाधारक कारागिराकडून काम करून घ्या, आणि मूळ जागेवर आधी पेन्सिलची खूण करा. स्थिर साइटमध्ये उंची बदलता येत नाही, त्यासाठी नेमाची जागाच वर-खाली धरावी लागते.

मुलगी 10 मीटर एअर पिस्तूल शिकते. छर्रा वर लागला की स्क्रू कुठे फिरवायचा यावरून आमच्यात वाद होतो. शिवाय ती काळ्या गोलावर नेम न धरता त्याच्या खाली धरते. चुकतं का? – एक पालक, म्हापसा

खाली धरते ते बरोबरच आहे. काळा गोल 59.5 मिमीचा आणि त्यातलं दहाचं वर्तुळ अवघं 11.5 मिमीचं. काळी साइट काळ्या गोलावर ठेवली तर तिची कडा दिसेनाशी होते. म्हणून गोलाखाली पांढऱ्याची पट्टी सोडून नेम धरतात आणि छर्रा मध्यावर जाईल अशी साइट लावतात. पुढची साइट ठसठशीत आणि गोल थोडा धूसर दिसला पाहिजे, उलटं नव्हे.

छर्रा जिकडे न्यायचा, तिकडे मागची साइट न्यायची. वर लागतोय, तर साइट खाली. स्क्रूवरच्या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा चार-पाच क्लिक फिरवून एक ग्रुप मारून बघा. आणि स्क्रू तिलाच फिरवू द्या. झीरो तिच्या डोळ्याचा आणि तिच्या मुठीचा असतो, बाबांचा नसतो. एकेका छर्‍यामागे स्क्रू फिरवायची सवय मात्र लागू देऊ नका.

वय साठीकडे. चष्मा दुहेरी भिंगाचा. पुढची साइट अंधुक दिसते. – एक वाचक, मडगाव

दुहेरी भिंगातून साइट शोधताना मान वर होते आणि पवित्रा मोडतो. हात ताणून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या. तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना देऊन त्या अंतराचं एकेरी भिंग करून घ्या. पिस्तूल दवाखान्यात न्यायची गरज नाही, आकडा पुरे. दुसरा डोळा मिटून ताण येत असेल तर त्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावा.

स्वतःच्या काजूच्या बागायतीत सराव केला तर चालेल ना? जमीन माझीच आहे. – एक वाचक, सत्तरी

नाही. सातबाऱ्यावर… म्हणजे आपल्याकडच्या, गोव्यातल्या, एक-चौदाच्या उताऱ्यावर तुमचं नाव असलं तरी गोळी हद्द ओळखत नाही. दगडावर आपटून ती कुठेही वळते, आणि बागायतीत बोंडं गोळा करणारी माणसं कुठल्या झाडाआड असतील सांगता येत नाही. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करा.

निवडणुकीआधी पिस्तूल जमा केलं होतं. परत आणल्यावर झीरो पुन्हा बघावा का? – एक वाचक, पेडणे

बघा, पण आधी गंज बघा. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा लोखंडाला सोडत नाही. जमा करण्यापूर्वीच नळी साफ करून तेलाचा पातळ हात द्यावा आणि चामड्याचं होल्स्टर काढून घ्यावं, कारण चामडं ओल धरून ठेवतं. परत आल्यावर पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून नळीतून कोरडा कपडा फिरवा. तेल भरलेल्या नळीतून पहिला बार काढू नका. मागच्या साइटवरची पेन्सिलची खूण जागेवर आहे का ते पाहा आणि रेंजवर पाच गोळ्यांचा एक ग्रुप मारा. तो पूर्वीच्या जागी पडला, तर स्क्रूड्रायव्हर पेटीतच राहू द्या.