राजीनामा लिहिण्याआधी पगाराची स्लिप वाचावी

सप्रेम नमस्कार.

आपले डोंबिवलीहून आलेले पत्र आणि सोबत जोडलेली मुलाची पगाराची स्लिप मिळाली. आपला मुलगा २६ वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गेली चार वर्षे रबाळ्याच्या एका पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, हातात ४४,००० रुपये येतात, आणि ‘नोकरीत राहून कोणी श्रीमंत होत नाही’ असे म्हणत दिवाळीनंतर राजीनामा देऊन स्वतःचे सर्व्हिसिंगचे काम सुरू करायचे त्याच्या मनात आहे. आपले वडील लोअर परळच्या गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर घराने जे दिवस पाहिले ते आपण विसरला नाहीत, आणि म्हणून बेस्टच्या वर्कशॉपमधली नोकरी आपण निवृत्तीपर्यंत धरून ठेवली. मुलाने धंद्याचे खूळ सोडून आधी बदलापूरकडे वन बीएचके बुक करावा, असे आपले मत आहे. नोकरीत राहूनच त्याला पैसा उभा करता येईल का आणि मालकासारखा विचार करायला शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. शिवाय त्याने मागितलेले आठ लाख रुपये निवृत्तीच्या रकमेतून द्यावेत का, हाही आपला प्रश्न आहे. हे उत्तर आपण दोघांनी एकत्र बसून वाचावे अशी विनंती आहे, कारण यात दोघांनाही न आवडणारे काहीतरी आहे.

सुरुवात स्लिपपासून करतो. बेसिक २४,००० रुपये आहे आणि पीएफची कपात मात्र १,८०० रुपये. याचा अर्थ कंपनी १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवरच १२ टक्के कापते. पूर्ण बेसिकवर कापली असती तर ती रक्कम २,८८० रुपये झाली असती. कंपनीने आपला वाटा वाढवावा अशी सक्ती नाही, परंतु कर्मचाऱ्याला स्वतःचा वाटा स्वेच्छेने वाढवता येतो. त्याला व्हीपीएफ म्हणतात आणि त्यावर पीएफच्याच दराने व्याज मिळते, जे २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के होते. चार वर्षांत मुलाने हा आकडा एकदाही तपासलेला नाही, असे आपण लिहिले आहे. जो स्वतःच्या पगाराचे गणित वाचत नाही त्याला गिऱ्हाईकाच्या बिलाचे गणित आपोआप जमेल, अशी आशा मला वाटत नाही.

आता खर्च. घरात १२,००० रुपये, स्वतःचा खर्च सुमारे ११,०००, मोटारसायकलचा हप्ता ५,०००, फोनचा हप्ता २,५०० आणि एका विमा पॉलिसीचे ३,०००. यानंतरही कागदावर साडेदहा हजार रुपये उरतात, आणि आपल्या म्हणण्याप्रमाणे ते मोबाइलवरच्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे शेअरचा भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावण्यात, जातात. वर्षभरात सव्वा लाख गेले. यात त्याची एकट्याची फसगत झाली असे समजू नका. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, आणि हा तोटा सरासरी दोन लाखांच्या घरात होता. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये ज्याला त्याला ऑप्शनमधला नफा सांगताना आपण ऐकतो, तोटा सांगणारा भेटत नाही. हे खाते आजच बंद करावे. याला मी धंद्याची वृत्ती म्हणत नाही. धंदा करणारा माणूस ज्या मालाची त्याला पारख नाही तो उचलत नाही.

पॉलिसीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ती ‘कर वाचतो’ म्हणून घेतली, असे पत्रात आहे. त्याच्या पगारावर नव्या करप्रणालीत आज कर लागतच नाही. २०२५-२६ पासून नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर तो शून्य आहे, आणि विमा हप्त्यावरची ८०-सीची वजावट त्या प्रणालीत मिळतही नाही. तेव्हा वाचवायला काही नसताना दरमहा ३,००० रुपये अडकले आहेत. पॉलिसी रागाच्या भरात मोडू नये. सरेंडर केल्यास, म्हणजे मोडल्यास, किती हाती येते आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवल्यास, काय मिळते, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवून मग ठरवावे. आयुष्याच्या विम्यासाठी साधा टर्म प्लॅन (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) पुरेसा आहे आणि या वयात तो स्वस्त पडतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तो आरोग्य विमा, आणि याकडे नोकरी सोडणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते. आज आपले दोघांचे नाव त्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. राजीनाम्याबरोबर ते संरक्षण संपेल. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि आपल्याला मधुमेह आहे असे आपण लिहिले आहे. म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्यावी, म्हणजे थांबण्याचा काळ कंपनीच्या छत्राखाली सरून जाईल. सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यावरचा जीएसटीही काढून टाकलेला आहे. नव्या धंद्यात जमवलेले भांडवल एका हॉस्पिटलच्या बिलात संपल्याची उदाहरणे माझ्यासमोर अनेक आली आहेत.

यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम, म्हणजे मोटारसायकल आणि फोनचे हप्ते धरून, पण पॉलिसी वगळून, सुमारे १ लाख ८० हजार रुपये, बँकेच्या मुदत ठेवीत बाजूला काढावी. ती जमेपर्यंत शेअर बाजाराचे नाव काढू नये. ती जमली की मग दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी एखाद्या साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या शेअर्समध्ये पैसे लावणारा म्युच्युअल फंड) सुरू करता येईल. बाजार कोणाला हमी देत नाही, पण केवळ हिशेबासाठी वार्षिक १० टक्के धरले, तर २० वर्षांत भरलेल्या २४ लाखांचे सुमारे साडेशहात्तर लाख होतात. तेच दहा वर्षे उशिरा सुरू केले तर भरलेल्या १२ लाखांचे साडेवीस लाखांच्या आसपास होतात. तरीही माझा अनुभव असा आहे की २६व्या वर्षी परताव्याच्या एक-दोन टक्क्यांसाठी जीव टाकण्यापेक्षा पगार वाढवणे कितीतरी अधिक फळ देते. मशीन दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला पीएलसी प्रोग्रॅमिंग आणि सर्व्हो ड्राइव्हचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, काम आले, तर त्याची किंमत बाजारात वेगळीच होते. आणि प्रत्येक पगारवाढीतला अर्धा भाग हाती येण्याआधीच गुंतवणुकीकडे वळवला, तर राहणीमान पगाराच्या मागे धावत सुटत नाही.

आता आपल्याला न आवडणारी गोष्ट. बदलापूरच्या घरासाठी ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता साधारण २६,००० रुपये बसतो. हातात १८,००० राहतील, त्यातून चालू हप्ते आणि रोजचा खर्च. त्यानंतर त्याला धंदा तर करता येणार नाहीच, पण वाईट नोकरी सोडून चांगली धरण्याचेही धाडस होणार नाही, कारण एक महिन्याचा खंडही परवडणार नाही. गिरणी बंद पडल्यावर डोक्यावरची खोली हीच काय ती आधार होती, हे आपले म्हणणे मला समजते आणि घर घेण्याला माझा विरोधही नाही. मात्र आज राहायला घर आहे, मुलगा अविवाहित आहे, आणि धोका पत्करण्याची, शिकण्याची ही चार-पाच वर्षेच त्याच्याकडे आहेत. घर या क्रमात नंतर यावे.

मालकासारखा विचार करायला शिकण्याच्या प्रश्नावर मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण मुलाची नोकरी या दृष्टीने फार चांगली आहे आणि ते त्याच्या लक्षात आलेले नाही. तो भिवंडीत, वसईत, तळोज्यात फरसाण, मसाला, औषधे पॅक करणाऱ्या कारखान्यांत जातो. पाऊच मशीन बंद पडते, तो पाहतो, पाऊच चिकटवणाऱ्या सीलिंग जॉचा हीटर किंवा थर्मोकपल (तापमान मोजणारा भाग) गेलेला असतो, तो बदलतो, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतो आणि संध्याकाळची लोकल पकडतो. त्याच भेटीत विचारण्यासारखे पुष्कळ असते. मशीन तासभर बंद राहिले तर या कारखानदाराचे किती जाते? तो थर्मोकपल आमच्या कंपनीला केवढ्याला पडतो आणि बिलात केवढा लागतो? एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) करणारे गिऱ्हाईक आणि बिघाड झाल्यावरच फोन करणारे गिऱ्हाईक, यांपैकी कंपनीला कोण परवडतो? बिल दिल्यानंतर पेमेंट किती दिवसांनी आले? प्रत्येक भेटीनंतर या चार प्रश्नांची उत्तरे एका वहीत लिहायला त्याला सांगा. गिऱ्हाईकाला विचारता येईल ते त्याला विचारावे, बाकीचे अकाउंट्समधल्या एखाद्या अनुभवी माणसाशी चहा पिता पिता कळते. वर्षभरात त्या वहीतून त्याला जे समजेल ते कुठल्याही सेमिनारात मिळणार नाही, विशेषतः उधारीचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हावेत असे २००६चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात नवखा सर्व्हिसवाला ९० दिवस फोन करत बसतो आणि तोवर स्पेअरवाल्याला रोख मोजत असतो. काम येत नाही म्हणून बंद पडणाऱ्यांपेक्षा काम असून पैसे अडकले म्हणून बंद पडणारे मी अधिक पाहिले आहेत.

मराठी वाचकांना लक्ष्मणराव किर्लोस्कर परिचित आहेत ते नांगर आणि किर्लोस्करवाडीमुळे. किर्लोस्करवाडी १९१० सालची. त्याच्या कितीतरी आधी लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी करत होते, आणि ती करत असतानाच इथून सायकली घेऊन बेळगावला भावाकडे विकायला पाठवत होते. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण तेव्हा हातात अपमानाबरोबर एक चालता व्यवहारही होता. पुढे लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, तो काळही त्यांनी काढला. ‘नोकरी म्हणजे गुलामी’ हे रीलमधले वाक्य मुलाने आपल्याला ऐकवले आहे. लक्ष्मणरावांचा हा क्रम त्याला दाखवावा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. कंपनीच्या गिऱ्हाईकाला आपला खासगी नंबर देऊन रविवारी परस्पर मशीन दुरुस्त करायचे, असे दोन-तीनदा घडले आहे आणि त्याला तो ‘सुरुवात’ म्हणतो. ही सुरुवात नव्हे, ही चोरी आहे, आणि नेमणूकपत्रात दुसरे काम न करण्याची अट असेल तर नोकरी जाण्याचे कारणही आहे. नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करू नये अशी अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. म्हणजे उद्या त्याला हे काम करायला मोकळीक आहे. पण नोकरीत असतानाची अट पाळावीच लागते, आणि कंपनीची ड्रॉइंग्ज वा गिऱ्हाईकांच्या याद्या सोबत नेता येत नाहीत. ‘आईच्या नावावर फर्म काढू’ हा आपल्याकडचा आवडता मार्गही नको. त्याऐवजी कंपनीची लेखी परवानगी घेऊन वेगळ्या क्षेत्रातले काम करावे, उदाहरणार्थ एखाद्या खासगी क्लासमध्ये शनिवार-रविवार मशीन मेंटेनन्स शिकवणे. त्यातून फी ठरवणे, पावती देणे, वसुली करणे या गोष्टींचा सराव होईल. अशा उत्पन्नासह रिटर्न भरताना पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-१ हा फॉर्म सहसा चालत नाही, हे सीएला विचारून घ्यावे.

राजीनाम्याची वेळ मी अशी ठरवीन: आरोग्य विमा घेऊन झाला आहे, मोटारसायकल आणि फोनचे हप्ते फिटले आहेत, घरखर्चाचे बारा महिन्यांचे पैसे वेगळे आहेत, आणि स्पेअर व उधारीसाठी तीन महिन्यांचे खेळते भांडवल त्याहून निराळे आहे. ऑप्शनचे खाते बंद झाले आणि हप्ते संपत गेले, तर याला साधारण तीन वर्षे लागतील. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते, सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि कर्जासाठी मुद्रा योजना किंवा ठाण्याचे जिल्हा उद्योग केंद्र आहे. हा भाग अवघड नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

शेवटी आठ लाखांचा प्रश्न. आज ते देऊ नयेत. आपली निवृत्तीची रक्कम ही आपल्या दोघांच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची शिदोरी आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकाला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, त्यावर ८.२ टक्के व्याज तिमाहीला मिळते, आणि घरखर्चाचा तो आधार हलवू नये. तीन वर्षांनी वर लिहिलेल्या गोष्टी झालेल्या दिसल्या, वही भरलेली दिसली, तर दोन लाखांपर्यंत द्यायला हरकत नाही, पण ते कर्ज म्हणून द्यावे: कागदावर, परतफेडीच्या तारखांसह, बँकेतून ट्रान्सफर करून. आपल्याला एक विवाहित मुलगी आहे असे पत्रात आहे. त्या कागदाची एक प्रत तिच्याकडेही असू द्यावी.