वाचक विचारतात : शाळेचे पत्र आणि घरातली तारीख

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची निघाली, म्हणून संपूर्ण सदर त्या विषयालाच दिले आहे. खासगी शाळा आपल्या बातम्या आणि आगामी कार्यक्रम पालकांना कळवतात, ते वाचावे कसे, लिहावे कसे आणि त्यातल्या कशाला हरकत घ्यावी, असे हे प्रश्न आहेत. मी स्वतः काही वर्षे एका शाळेचे मासिक वार्तापत्र तयार करत असे. त्यामुळे उत्तरांत पालकाची बाजू जशी येईल, तशी कार्यालयाचीही येईल.

प्रश्न : माझी दोन मुले एकाच शाळेत, वेगवेगळ्या इयत्तांत आहेत. दर महिन्याला वार्तापत्र येते, अ‍ॅपवर सूचना येतात आणि दोन वर्गांचे दोन ग्रुप आहेतच. सगळे वाचूनही गेल्या सत्रात सहलीचे संमतीपत्र द्यायचे राहून गेले. माझे नेमके कुठे चुकते?

आपण सगळे वाचता, इथेच थोडे चुकते. वार्तापत्रात दोन जातींचा मजकूर असतो. एक बातमी, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. दुसरी सूचना, म्हणजे व्हायची गोष्ट, जिच्यासाठी घरातून कोणीतरी काहीतरी करायचे असते. बातमी निवांतपणे चार दिवसांनी वाचली तरी तिचे काही बिघडत नाही. सूचना मात्र नासते. शाळा बहुधा दोन्ही एकाच पानावर, एकाच टायपात छापते. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचे मनोगत, मग स्पर्धेतल्या विजेत्यांचे फोटो, मग नव्या प्रयोगशाळेचे वर्णन आणि शेवटच्या पानावर तळाशी, एका लहानशा चौकटीत, ‘संमतीपत्रे १५ तारखेपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत’ एवढे एक वाक्य. कौतुकाची तीन पाने वाचून डोळा तिथे पोहोचतो तेव्हा तो थकलेला असतो.

म्हणून वार्तापत्र आले की ते आधी शेवटाकडून वाचावे आणि हातात पेन ठेवून फक्त चार गोष्टी शोधाव्यात : तारीख, कोणत्या इयत्तेसाठी, काय द्यायचे किंवा आणायचे, आणि ते कधीपर्यंत. यांतली चौथी गोष्ट बहुतेक घरांत टिपली जात नाही. सहल २२ तारखेला आहे हे कॅलेंडरवर जाते, पण संमतीपत्राची १५ तारीख जात नाही, आणि नेमकी तीच चुकते. कार्यक्रमाची एक नोंद आणि मुदतीची वेगळी दुसरी नोंद, असा नेम ठेवावा. मुदतीची नोंदही शेवटच्या दिवशी न करता दोन दिवस आधी करावी, कारण सही करणारे माणूस नेमके त्याच संध्याकाळी घरी असेल असे नाही.

शाळा आपले कॅलेंडर ऑनलाइन देत असेल तर एक फरक समजून घ्यावा, कारण पुष्कळ गोंधळ त्यातून होतो. वेगवेगळ्या फोनांवरच्या आणि संगणकांवरच्या कॅलेंडरांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात यासाठी आयकॅलेंडर नावाचा प्रमाणित नमुना १९९८ मध्ये ठरला. ‘आयसीएस’ या शेपटीची फाइल ती हीच. ही फाइल आपण ‘इम्पोर्ट’ केली, तर त्या दिवशी तिच्यात होते तेवढे आपल्याकडे उतरते आणि तिथेच थांबते. पुढे शाळेने सभा मंगळवारवरून गुरुवारवर नेली तरी आपल्या फोनवर ती मंगळवारीच राहते. त्याऐवजी कॅलेंडर ‘सबस्क्राइब’ केले, तर शाळेने केलेला बदल आपल्यापर्यंत आपोआप येतो. तोही लगेच येत नाही; कित्येकदा काही तास, क्वचित एखादा दिवस लागतो. त्यामुळे सकाळी अचानक रद्द झालेल्या कार्यक्रमाची बातमी कॅलेंडरकडून अपेक्षू नये. ती थेट संदेशानेच यायला हवी.

राहिला ग्रुप. तो चर्चेसाठी उत्तम आहे आणि आधार म्हणून अगदी कच्चा आहे. तिथे कोणी तारीख सांगितली, तर शाळेचे मूळ पत्र उघडून ती पडताळावी. पत्रात ती सापडली नाही, तर ती ऐकीव समजावी.

प्रश्न : मी एका खासगी शाळेच्या कार्यालयात काम करतो आणि पालकांना जाणाऱ्या सूचना मीच लिहितो. सगळे स्पष्ट लिहूनही दुसऱ्या दिवशी निम्मे पालक फोन करून तेच विचारतात. लोक वाचतच नाहीत का?

काही वाचत नाहीत, हे खरे आहे. पण जे वाचून फोन करतात त्यांना बहुधा मजकुरातच शंका आलेली असते, आणि ती शंका अनेकदा रास्त असते.

पहिले कारण मागच्या वर्षीची फाइल. आपण सगळेच ती उघडतो, साल बदलतो, दोन नावे बदलतो आणि पाठवतो. आता पाहा : साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. १४ मार्च २०२५ रोजी शुक्रवार होता, १४ मार्च २०२६ रोजी शनिवार. साल बदलले पण वार बदलायचा राहिला, की ‘शुक्रवार, १४ मार्च’ असे पत्र जाते आणि काही पालक वार धरतात, काही तारीख. महिन्यांचेही तसेच आहे. साध्या वर्षात फेब्रुवारीचे बरोबर चार आठवडे होतात, म्हणून फेब्रुवारीचे पत्र मार्चला जसेच्या तसे चालून जाते. त्या यशाने धीट होऊन तेच पत्र एप्रिलला चालवले की तीन वारांचा घोळ होतो. ही चूक मी केलेली आहे. पालकसभेच्या पत्रात वार एक आणि तारीख दुसरीच गेली. गुरुवारी सकाळी दहा-बारा पालक बंद सभागृहाच्या दारात हातात पत्र घेऊन उभे होते आणि त्यातले एक आजोबा ते पत्र शांतपणे माझ्यासमोर धरून वाराखाली बोट फिरवत होते. ते बोट मला अजून आठवते.

यावर कोणी म्हणते, मग वार लिहूच नये. माझे मत उलट आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहावेत, कारण दोहोंचा मेळ बसला नाही की वाचणाऱ्याला चूक झाल्याचे कळते आणि तो फोन करतो. नुसती चुकीची तारीख लिहिली, तर ती कोणालाच कळत नाही. आपल्याला येणारे काही फोन ही आपल्यावर झालेली कृपा समजावी.

दुसरे कारण आपल्या भाषेतच आहे. ‘परवा’ हा शब्द मराठीत मागेही जातो आणि पुढेही. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे येता शुक्रवार की त्यानंतरचा, यावर एकाच घरात दोन मते असतात. ‘उद्या’ तर सर्वांत धोक्याचा, कारण संदेश फिरत राहतो. ‘उद्या शाळेला सुट्टी आहे’ हे वाक्य सोमवारी लिहिले, मंगळवारी सकाळी कोणी पुढे ढकलले, की काही मुले बुधवारी घरी राहतात. सूचनेत काल, आज, उद्या, परवा हे शब्द वापरूच नयेत. प्रत्येक वेळी वार, तारीख आणि महिना लिहावा. ‘१५ तारखेपर्यंत’ लिहिताना १५ तारीख धरायची की नाही हे सांगावे आणि त्या दिवशी कार्यालय किती वाजता बंद होते तेही लिहावे. ‘रात्री १२ पर्यंत’ असे लिहू नये. ती रात्र कोणत्या दिवसाची, हा वाद कधी सुटत नाही. ११ वाजून ५९ मिनिटे हे दिसायला विचित्र दिसते, पण त्यावर भांडण होत नाही.

तिसरे, बदल हा बदल म्हणून कळवावा. दुरुस्त केलेले पत्र जुन्याच मथळ्याखाली पुन्हा पाठवले, तर आधीचे वाचलेले पालक ते उघडत नाहीत. उघडले तरी नेमके काय बदलले हे त्यांना शोधावे लागते. पहिल्याच ओळीत लिहावे : ‘बदल : पालकसभा मंगळवारऐवजी गुरुवारी, वेळ तीच.’ जुनी वेळ कायम असेल तर तसे सांगणेही गरजेचे असते, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही.

शेवटचे, रंगीत भित्तिपत्रकाबद्दल. कार्यक्रमाची तारीख सजवलेल्या चित्रात घालून पाठवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. पण ज्यांना दृष्टीची अडचण आहे त्यांच्या फोनवरील वाचून दाखवणाऱ्या सोयीला चित्रातली अक्षरे भरवशाने वाचता येत नाहीत आणि जुन्या संदेशांत शब्द टाकून शोधणाऱ्यालाही ती सापडतीलच असे नाही. वेबसाठीची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही मजकूर चित्राच्या रूपात न देता मजकूर म्हणूनच द्यावा असे सांगितले आहे, आणि साध्या आकाराच्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा उठाव, म्हणजे उजळपणातला फरक, किमान साडेचारास एक असावा असे प्रमाणही दिले आहे. फिकट गुलाबीवर पांढरी अक्षरे त्यात बसत नाहीत. चित्र जरूर पाठवावे, पण खाली तीच माहिती दोन ओळींत टाइप करावी.

प्रश्न : शाळेच्या वार्तापत्रात माझ्या मुलीचा फोटो नाव आणि इयत्तेसह छापून आला. नंतर तोच फोटो प्रवेशाच्या जाहिरातीत दिसला. आम्ही प्रवेशाच्या वेळी एका संमतीवर सही केली होती. आता काही बोलता येईल का?

जरूर बोलता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे १६ वे कलम मुलांच्या खासगीपणाला संरक्षण देते, आणि १२ वे कलम सांगते की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचे वय आणि समज पाहून त्याच्या मताला वजन द्यावे. प्रत्यक्षात कोणता कायदा लागू होतो ते आपण राहता त्या देशावर अवलंबून आहे. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट अशी की पालकांपुरत्या जाणाऱ्या वार्तापत्रातला फोटो आणि शाळेच्या जाहिरातीतला फोटो यांचे हेतू वेगळे आहेत. पहिल्यात शाळा आपल्या मुलीचे कौतुक करते, दुसऱ्यात आपल्या मुलीकडून शाळेचे काम करून घेते. खासगी शाळेला विद्यार्थी मिळवावे लागतात, त्यात गैर नाही. पण एका सहीत दोन्ही परवानग्या गुंडाळू नयेत.

मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे. वार्तापत्र, संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि जाहिरात अशा चार वेगवेगळ्या ठिकाणांसाठी आपली संमती कोठे आहे आणि कोठे नाही हे त्यात नमूद करावे, आणि जाहिरातीतला फोटो काढण्यास सांगावे. त्याआधी मुलीला विचारावे. तिला तो फोटो आवडलेला असू शकतो, किंवा वार्तापत्रातलाही नको असू शकतो. आणखी एक लहान गोष्ट : फोनवर काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कोठे काढला याची नोंद दडलेली असू शकते. फोटो बाहेर देण्यापूर्वी ती काढून टाकावी, असे शाळेला सुचवायला हरकत नाही.

प्रश्न : प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रात शेवटी ‘ऐच्छिक योगदान’ मागितलेले असते. न दिल्यास मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहतील, अशी भीती वाटते.

ऐच्छिक शब्दाचा अर्थ न देणाऱ्याला जाब विचारला जात नाही एवढाच आहे. पत्रात रक्कम ठरवून दिलेली असेल, मुदत असेल आणि देणाऱ्यांची यादी वर्गात वाचली जात असेल, तर ते योगदान नव्हे, ते दुसऱ्या नावाचे शुल्क आहे, आणि तसे शाळेला विचारावे. प्रश्न असा ठेवावा : ‘हे न दिल्यास माझ्या मुलाचा कार्यक्रमातला सहभाग बदलतो का?’ उत्तर लेखी मागावे. थकलेल्या शुल्काची आठवणही फक्त त्या पालकालाच, बंद पाकिटात किंवा वैयक्तिक संदेशाने गेली पाहिजे. ग्रुपवर नावे टाकणे ही असभ्यता आहे, मग रक्कम कितीही असो.

प्रश्न : नोकरीमुळे दिवसा होणाऱ्या कार्यक्रमांना मी जवळजवळ कधीच जाऊ शकत नाही. काय करावे?

सत्राच्या सुरुवातीला कार्यक्रमांची यादी मुलापुढे ठेवावी आणि यांतल्या कोणत्या दोन दिवशी मी यायलाच हवे, असे विचारावे. मुलांची निवड पुष्कळदा आपल्याला चकित करते. पालकसभेसाठी मात्र शिक्षकांकडे वेगळी वेळ किंवा फोनवर बोलणे मागावे. ती सभा टाळण्यासारखी नसते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी वेगळे राहतो. शाळेची पत्रे फक्त मुलाच्या आईकडे जातात आणि कार्यक्रम होऊन गेल्यावर मला कळते. शाळा म्हणते, नोंद एकच आहे.

नोंदवहीत रकाना एकच असणे हे कारण पुरेसे नाही. वर उल्लेखलेल्या बालहक्क संहितेचे १८ वे कलम मुलाच्या संगोपनाची जबाबदारी दोन्ही पालकांची समान मानते, आणि ९ वे कलम, मुलाच्या हिताला बाधक नसेल तर, वेगळ्या राहणाऱ्या पालकाशी मुलाचा नियमित संबंध राहावा असे म्हणते. न्यायालयाचा आदेश काही वेगळे सांगत असेल तर शाळेला तोच पाळावा लागेल, म्हणून असा आदेश असल्यास त्याची प्रत अर्जासोबत जोडावी. नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. अर्जात आपला ईमेल आणि फोन क्रमांक दुसरा संपर्क म्हणून नोंदवण्याची विनंती करावी, आणि वार्तापत्र, परिपत्रके, गुणपत्रक व तातडीचे संदेश अशा चारही गोष्टींची नावे घ्यावीत, कारण ‘सर्व सूचना’ असे मोघम लिहिले तर कार्यालय फक्त वार्तापत्र सुरू करून मोकळे होते.

छापील पत्रे मुलाच्या दप्तरातून येत असतील, तर वर्गशिक्षकांकडे दोन प्रती मागाव्यात. एकच कागद दोन घरांत पोहोचवण्याचे काम मुलावर टाकू नये. तो विसरला, तर दोन्ही घरांत बोलणी त्यालाच बसतात.