खांदेरी बेटाच्या दीपगृहावरच्या पोराला

अरे, परवा फोनवर निम्मं ऐकूच आलं नाही, पण मुद्दा कळला. सगळ्या जहाजांवर जीपीएस आहे, बत्ती आपली आपण लागते, मग मी इथे बसून काय करतोय, त्यापेक्षा बँकेची परीक्षा देतो. दे की, कोण नको म्हणतंय? फक्त एक सांग, काल रात्री फ्लॅश मोजलास का?

स्टॉपवॉच लावून मोजायचे, रोज. किती सेकंदांत किती फ्लॅश हे प्रत्येक बत्तीचं वेगळं असतं, छापलेलं असतं, आणि रात्री लांबून येणारा कॅप्टन तेवढं मोजून ठरवतो की ही खांदेरी का मुंबईजवळचं प्रॉन्ग्स दीपगृह. बत्ती दिसलीच नाही तर तो सावध होतो, स्पीड कमी करतो, पाण्याची खोली बघतो. चुकीची दिसली तर बिनधास्त विश्वास ठेवतो. बंद बत्ती परवडली बाबा, खोटी नको.

आणि जीपीएसचं मला नको सांगूस. 2017 मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांना ते सांगत होतं की तुम्ही विमानतळावर उभे आहात!

माझ्या बेटावर लेन्स पाऱ्यावर तरंगायची. पाऱ्यावर मळ धरला की ती जड फिरायची, सेकंदभराचा फरक, डोळ्यांना कळायचाही नाही. मी लॉगबुकात लिहायचो, साहेब म्हणायचे एवढं कोण बघतंय, मी परत लिहायचो. प्रमोशन लांबलं, लांबू दे. मुलीचं बारसं जुलैत, होडी सुटेना, नाव आत्यानेच ठेवायचं असतं म्हणा, पण बाप तरी हवा ना तिथे. बायको अजून ऐकवते. पण माझी बत्ती कुणाशी खोटं बोलली नाही, हे काय कमी आहे का? जाऊ दे, तुला काय विचारतोय.

महाराजांनी 1679 मध्ये इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधला, बत्ती 1867 ची, हे लेक्चर तू टुरिस्टांना देतच असशील. दिवसा लेन्सचे पडदे मात्र न विसरता ओढ, ऊन एकवटलं की आतलं काहीही पेटतं.

फॉर्मची तारीख बघून ठेव, जायचं तर खुशाल जा. पण आहेस तोवर लॉगबुकातला आकडा स्वतः मोजलेला असू दे, आदल्या दिवशीचा बघून उतरवलेला नको. उतरवतोस ना? माहितीये मला, सगळे उतरवतात.