छोट्या सेवाभावी मंडळातल्या स्वयंसेवकांचं कौतुक कसं करावं?

तुमचा प्रश्न असा: मंडळ लहान, स्वयंसेवक पंचवीस-तीस, हातात पाच-सात हजार रुपये. ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, त्या दिवशी कार्यक्रम घ्यायचा आहे. ट्रॉफी द्यावी की प्रमाणपत्र, आणि सत्कार कोणाच्या हस्ते करावा?

ट्रॉफी देऊ नका. आणि कोणाच्या हस्ते, हा अगदी शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की तुमच्या मंडळात कोणी, किती दिवस, काय काम केलं ते कुठे लिहिलेलं आहे का? नसेल तर तुमचा सत्कार चुकणार. चुकलेला सत्कार हा न केलेल्या सत्कारापेक्षा जास्त लागतो. मी ते जवळून पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी भुसावळचा. रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला, म्हणजे डब्यांच्या देखभाल-दुरुस्तीला होतो, आता निवृत्त आहे. इटारसीकडची आणि नागपूरकडची अशा दोन्ही लाइनींच्या गाड्या आमच्याकडे थांबतात. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उत्तर भारतात जाणाऱ्या महानगरी, काशी, पवन अशा गाड्यांचे जनरल डबे ज्यांनी आतून पाहिलेत त्यांना सांगायला नको. माणूस संडासाच्या दारात बसलेला असतो. पाण्यासाठी उतरला तर जागा जाते, म्हणून तो उतरतच नाही. तहान मारून बसतो, मांडीवर लेकरू असलं तरी. अशांसाठी आमचं मंडळ गुढीपाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत फलाटावर जलसेवा करायचं. स्टेशनची रीतसर परवानगी, गळ्यात ओळखपत्र, वीस लिटरचे जार, बर्फाची लादी, नरसाळी, लांब दांड्याचे मग.

लोकांना वाटतं पाणी वाटणं सोपं आहे. गाडी थांबते पाच-दहा मिनिटं. जनरल डबे एक इंजिनाकडे, एक गार्डाकडे, आणि मधली गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. म्हणजे दोन टोळ्या लागतात, दोन्हीकडे जार आधी पोचलेले लागतात, आणि गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला तर सगळं उचलून जिन्यावरून पळावं लागतं. खिडकीच्या गजांतून एकाच वेळी दहा हात बाहेर येतात. नरसाळं लावून एक बाटली भरेपर्यंत बाकीचे नऊ ओरडत असतात. आणि गाडी हलली की सगळ्यात वाईट गोष्ट होते: माणसाची बाटली तुमच्या हातात राहते आणि माणूस पुढे जातो. आमचा नियम होता, शिट्टी झाली की कोणी पळायचं नाही. तो मोडणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी फलाटावर येऊ देत नसे. पण नियम पाळूनही ती बाटली हातात राहिलीच, की त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

यावर उपाय काढला आक्कांनी. आक्का मूळच्या पारोळ्याकडच्या, वयाने तेव्हा साठीच्या पुढे, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसत. चार घरची धुणीभांडी करायच्या. सकाळी सहाला येऊन जार धुवायच्या. जारचं तोंड अरुंद, हात आत जात नाही. खडेमीठ आणि मूठभर जाडे तांदूळ टाकून त्या जार आडवा धरून असा खळखळवायच्या की आतला हिरवट थर सुटून यायचा. मग तीन पाण्यांनी विसळून उन्हात पालथे. दुपारची धुणी उरकली की पुन्हा फलाटावर. त्यांनी एका वर्षी घरोघर हिंडून दोन-अडीचशे रिकाम्या लिटरच्या बाटल्या जमवल्या, उकळीच्या खालच्या पाण्याने धुतल्या, आणि गाडी येण्याआधी भरून गोणपाटाखाली ठेवल्या. गाडी आली की खिडकीतून रिकामी घ्यायची, भरलेली द्यायची. नरसाळं नाही, थांबणं नाही. घेतलेली रिकामी पुढच्या गाडीसाठी धुवायला. जिथे एका डब्याजवळ पंधरा-वीस बाटल्या भरायच्या तिथे साठ-सत्तर जाऊ लागल्या, आणि कोणाची बाटली हातात राहणं जवळपास बंद झालं.

ही युक्ती आक्कांची. मंडळातल्या एकाही शिकलेल्या माणसाला ती सुचली नव्हती, मलाही नाही.

२०१७ चा उन्हाळा संपला, मृगाचा पाऊस झाला, आणि आमच्या तेव्हाच्या सचिवांनी कार्यक्रम ठरवला. हॉल, फ्लेक्स, पाहुणे, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. अकरा सत्कारमूर्ती. बर्फाचे पैसे देणारे दोन व्यापारी, जागा देणारे एक, दोन नगरसेवक, बाकी पदाधिकारी. अहवालवाचनात बाटलीबदलाचं वर्णन आलं ते 'मंडळाने राबवलेली अभिनव कल्पना' असं, आणि टाळ्या सचिवांना पडल्या. आक्का हॉलमध्ये नव्हत्या. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. सगळे येतीलच, वेगळं काय बोलवायचं, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. सचिवांनी चिठ्ठी दिली होती, कोणाचे आभार मानायचे त्याची. मी ती खिशात ठेवली आणि माझी वही काढली. कॅरेज अँड वॅगनची सवय, डब्याचा एक ब्रेक ब्लॉक बदलला तरी नोंद करायची. तशी मी जलसेवेचीही वही ठेवली होती: तारीख, कोण आलं, कोणत्या गाडीला, काय काम. चौतीस नावं होती. पहिलं नाव आक्कांचं, एकसष्ट दिवस. मग पॉलिटेक्निकचा एक पोरगा, त्रेपन्न. मग एक हमाल दादा, जे आपली पाळी सांभाळून आमचे जार जिन्यावरून न्यायचे, एक रुपया न घेता. बारा नावं वाचून झाली आणि कोणीतरी माइक बंद केला. पाहुण्यांची गाडी होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी आक्कांच्या घरी गेलो. कार्यक्रमाचं त्यांना शेजारणीकडून कळलं होतं. रागावल्या नव्हत्या. चहा ठेवला, आणि एवढंच विचारलं, "भाऊ, मन्हं नाव लिखेल शे का तठे?" त्यांना वाचता येत नव्हतं. मी ओट्यावर बसून एकेक तारीख वाचली. अमुक तारीख, सकाळी जार, दुपारी काशी. अमुक तारीख, काशी दोन तास लेट, बर्फ संपला, आक्कांनी घरून माठ आणला. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. मध्ये एका तारखेला त्यांनी हात वर केला. "तो दिन काटी टाक. नातले ताप व्हता, मी नही येल." त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या, मी चुकून लिहिलं होतं. मी त्यांच्यासमोर खोडलं. साठ झाले.

त्या अर्ध्या तासाला मी सत्कार म्हणतो. शाल नव्हती, कोणी पाहुणा नव्हता. तिने काय केलं ते तिला तारीखवार माहीत होतं, आणि आपल्याशिवाय आणखी एका माणसालाही ते माहीत आहे हे तिला कळलं. स्वयंसेवकाला हेच पाहिजे असतं. ज्यांना फोटो पाहिजे असतो ते जार धुवायला येत नाहीत.

सचिवांचं आणि माझं त्यानंतर जे वाजलं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "नाना, हजेरी लावली की सेवेची मजुरी होते. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये." ऐकायला हे फार छान वाटतं. पण गंमत बघा, हे तत्त्व नेहमी जार धुणाऱ्याला लावतात, देणगी देणाऱ्याला कधीच नाही. देणगीदाराची पावती फाटते, नाव फलकावर लागतं, रक्कम अहवालात छापतात, आणि ते योग्यच आहे. मग साठ दिवस ही देणगी नाही का? आपल्या खान्देशात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो, मालक कितीही मोठा असो. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून पूजतो, गेलेल्या माणसाच्या तहानेचीही आठवण ठेवतो. आणि जिवंत माणसाने वाटलेल्या पाण्याची नोंद ठेवली तर सेवा बाटते? मला हे तेव्हाही पटलं नाही, आज सत्तरीच्या जवळ आलो तरी पटत नाही. सचिवसाहेब हे वाचत असतील तर त्यांनी बाटलीबदलाची कल्पना कोणाची होती, एवढं एकदा लेखी द्यावं. माझं दुसरं काही मागणं नाही.

आता तुमच्या पैशांचं. पाच-सात हजारांत पहिलं काम म्हणजे पदरमोड परत करा. कोण रिक्षाने येतं, कोणाच्या मोबाइलवरून सगळ्यांना फोन जातात, कोणी घरचा साबण वापरतं, ते विचारा. मी मानधन द्या म्हणत नाही, खिशातून गेलेलं परत द्या म्हणतो. आमची एक ताई खडका रोडवरून यायची, जाऊन-येऊन रिक्षाचे चाळीस रुपये. दीड महिना आली, मग बंद झाली. आम्हाला वाटलं उत्साह गेला. उत्साह नव्हता गेला, पैसे संपले होते, आणि मागायची तिला लाज वाटली. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर प्रवासखर्चाचं व्हाउचर हिशोबात व्यवस्थित बसतं, घाबरायचं कारण नाही.

प्रमाणपत्र सगळ्यांना नको, कॉलेजच्या पोरांना द्या. पण 'उल्लेखनीय कार्य' असलं मोघम लिहू नका. काम, तारखा आणि एकूण तास लिहा. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तुमचं काम त्यात धरतील का, हे त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्या. धरलं तर त्या कागदाचा पोराला खरा उपयोग आहे.

तारीख ५ डिसेंबरच हवी असा हट्ट धरू नका. तुमच्याकडे कापूस असेल तर डिसेंबरात वेचणी चालू असते, आणि तुमच्यातल्या ज्या बाया मजुरीला जातात त्या दिवसाचा रोज बुडवून शाल घ्यायला येणार नाहीत. आल्या तर त्यांचं नुकसान करून तुम्ही त्यांचं कौतुक केलं असं होईल. संध्याकाळी घ्या, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करा. आणि त्या दिवशी वाढायला पदाधिकाऱ्यांनी उभं राहावं, नेहमी राबणाऱ्यांनी पंगतीत बसावं. एवढं केलं तरी पुरे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वहीचा त्रासही होतो. आमच्यातल्या एका पोराचे सातच दिवस होते, बाकीच्यांनी त्याला त्यावरून चिडवलं. त्याच्या घरी आजारपण होतं हे नंतर कळलं, आणि तो परत आला नाही. ती चूक माझी, वही सगळ्यांसमोर उघडी ठेवली. दिवसांची स्पर्धा लावू नका, पहिला-दुसरा नंबर काढू नका. काहींना आपलं नाव घेतलेलं आवडतही नाही. आमच्या हमाल दादांनी नंतर हात जोडून सांगितलं की माइकवरून माझं नाव नको होतं. त्यांना मी आधी विचारायला हवं होतं. आणि सचिवांबद्दल मी कडक लिहिलं असलं तरी परवानगीसाठी दर वर्षी ऑफिसच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या, बर्फाचे पैसे त्यांनीच आणले, हेही वहीत लिहिलेलं आहे.

आक्कांचे गुडघे आता गेलेत, फलाटाचा जिना चढवत नाही. मार्च लागला की त्यांचा नातू येऊन बाटल्यांची गोणी घरी नेतो, त्या ओट्यावर बसून धुतात, आणि तो संध्याकाळी परत आणून देतो. त्याला नोंद करायला मी शिकवलंय. आजीच्या नावापुढे तो 'बाटल्या, घरी' असं लिहितो आणि आकडा टाकतो. आकडा चुकला तर ती त्याला दुरुस्त करायला लावते.