पीएचडी संपत आलीय, आता पुढे काय?

सबमिशनच्या गडबडीत नोकरी मागे पडते, कबूल. पण खगोलशास्त्रातल्या पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाचं) कॅलेंडर कोणासाठी थांबत नाही. परदेशातल्या बऱ्याच जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जातात. जाहिराती अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर बघ. पुढच्या वर्षी रुजू व्हायचं, तर तयारी गणपतीपासूनच.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी गाईडच्या ग्रुपबाहेरचं हवं. महिनाभर आधी सांग आणि सोबत मुदतींची यादी दे. प्रोफेसर मंडळी विसरतात, मग बिनधास्त आठवण कर.

हमखास होणाऱ्या चुका:

- सगळीकडे एकच रिसर्च स्टेटमेंट. 'जीएमआरटीचा (नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीचा) डेटा वापरला' एवढ्याने काही कळत नाही. कुठला बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), निरीक्षणाचं प्रपोजल कोणाचं, कॅलिब्रेशनची पाइपलाइन (डेटा दुरुस्त करणारे प्रोग्रॅम) स्वतः लिहिलीस की आयती मिळाली, हे लिही.
- फक्त कुलाब्याचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्यातल्या संस्था यांवरच डोळा.
- शिकवणं म्हणजे हरल्यावरचा पर्याय, हा समज. मला तो अजिबात पटत नाही. मुंबईतल्या कॉलेजात जायचं मनात असेल तर नेट किंवा सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) उरकून टाक. मुलाखतीला कृष्णविवरं कमी आणि बीएस्सीचं मेकॅनिक्स जास्त, या हिशेबाने जा. तिथे गेल्यावर संशोधन संपतं असंही नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची व्हिजिटिंग असोसिएटशिप (तिथे येऊन-जाऊन संशोधन करायची सोय) कॉलेज-विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठीच आहे.

फॅकल्टीचे अर्ज, स्वतःची ग्रँट वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. या आठवड्यात सीव्ही दोन पानांत बसव आणि शिफारसपत्रं देणाऱ्यांना मेल टाक.